बाहेरून कडी लावलेला मनोरा

लेकीकडे पोर्तोला जायचं ठरलं तेव्हा मी तिला एकच अट घातली. चर्च, वाइनची तळघरं, निळ्या फरशांचं स्टेशन हे सगळं तू दाखवशीलच, पण मला एखादा जुना मनोरा दाखव. डागडुजी करून गुळगुळीत केलेला नको, जसा उरलाय तसा. ओझरच्या विमान कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. विमानाचे सुटे भाग कागदावर काढता काढता हाताला मापाची सवय लागली, आणि निवृत्त झाल्यावर तोच हात मी आपल्या जिल्ह्यातल्या किल्ल्यांकडे वळवला. रामशेज, हातगड, चांदवड. दरवाजे, बुरूज, पाण्याची टाकी मोजायची आणि घरी येऊन नीट काढायची. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत याला 'ताईंचं वेड' म्हणतात. म्हणोत.

उज्ज्वला, म्हणजे माझी मुलगी, पोर्तोत सॉफ्टवेअरचं काम करते. तिच्या ऑफिसातली मारियाना ही मैत्रीण उत्तरेकडच्या एका खेड्यातली. तिच्या आजीच्या घरामागे टेकाडावर मध्ययुगातला एक मनोरा आहे, सप्टेंबरअखेर गावात द्राक्षांची तोडणी असते, तेव्हाच या, असं आजीचं बोलावणं आलं. उज्ज्वलाने रजा टाकली आणि आम्ही तिघी मारियानाच्या गाडीतून निघालो. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे त्यातले काही जण अजून त्याच भागात कामाला आहेत.

शनिवार

पोर्तो मागे पडलं की डोंगर हिरवे होतात आणि दगड दिसायला लागतो. घरं दगडाची, कुंपणं दगडाची, मका वाळवायच्या कोठ्यासुद्धा दगडाच्या, खांबांवर उचलून ठेवलेल्या. द्राक्षं पाहून मी गाडी थांबवायला लावली. ग्रॅनाइटचे उंच खांब, त्यावर आडव्या तारा, त्यावर चढवलेल्या वेली आणि खाली कोबी लावलेला. आपल्या निफाड-पिंपळगावकडचा मांडवच, फक्त लोखंडी अँगलऐवजी दगड. मारियाना म्हणाली, ही जुनी पद्धत, आता नवे बागाईतदार ती मोडून तारेच्या रांगा करतात. यंत्र फिरवायला सोपं जातं.

आजीचं नाव एमिलिया. काळा स्कर्ट, काळा स्वेटर, पायात रबरी चपला. तिकडे आजीला 'आव्हो' म्हणतात, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. तिने आल्या आल्या मक्याची जाड पावासारखी भाकरी कापून समोर ठेवली, बरोबर ऑलिव्ह आणि चीज. मी मक्याची भाकरी लहानपणापासून खाल्ली आहे म्हटल्यावर तिने माझा दंड दाबला. भाषा येत नसली तरी आमचं जमणार हे त्यावरून कळलं. जेवण उशिरा असतं, तोवर मनोरा बघून या, असं तिने मारियानाला सांगितलं. सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

मनोरा चौकोनी, खालपासून वरपर्यंत ग्रॅनाइटचा, कोपऱ्यांचे दगड हाताने फिरवून बघावेत इतके नीट घडवलेले. माथ्यावर टोकदार दगडांची रांग, त्यातले काही पडलेले. जवळ गेलं की काही चिऱ्यांवर खुणा दिसतात: एक बाण, एक फुली, एक उलटा कोयता. गवंड्यांच्या खुणा. आपण घडवलेला दगड ओळखू यावा म्हणून प्रत्येकाने आपलं चिन्ह कोरायचं. तळाला दारच नाही. दार एका मजल्याच्या उंचीवर, कमानीचं, अरुंद. पूर्वी तिथे लाकडी शिडी लावत. हल्ला आला की माणसं वर घ्यायची आणि शिडी आत ओढायची.

मारियानाने शाळेत शिकलेला इतिहास सांगितला. राजा दूर आणि सरदार जवळ, असा तो काळ. शेतं कसणारी माणसं धान्याचा वाटा सरदाराला देत, आणि तो वाटा सांभाळायला आणि आपण कोण हे दाखवायला सरदार असे मनोरे बांधत. राजाची परवानगी लागायची, पण सगळे घेत नसत. शत्रू फारसे कधी आले नाहीत. दिसायचा तो मनोरा शेतात वाकलेल्या माणसाला, दिवसभर, मान वर केली की.

मी टेप काढली आणि कामाला लागले. वरच्या मजल्यावर जोडखिडकी होती, आत दोन्ही बाजूंना दगडी बैठका असाव्यात. सरदाराच्या घरातल्या बायका तिथे उजेडाला बसत. त्याच्या खालचे दोन मजले आंधळे, नुसत्या उभ्या फटी. दाराकडे आता लोखंडी जिना जात होता. तो पाहून माझं डोकं पहिल्यांदा फिरलं. कुणीतरी चिऱ्यात ड्रिल मारून हाताच्या अंगठ्याएवढे बोल्ट ठोकले होते. एक बोल्ट बरोबर गवंड्याच्या कोयत्यातून आरपार गेला होता. दोन फटी सिमेंटने बुजवल्या होत्या आणि तिसरीतून एक प्लास्टिकचा पाइप बाहेर आला होता. उज्ज्वलाला मी म्हटलं, आपल्याकडे गडाच्या पायऱ्यांवर सिमेंट ओततात तेव्हा तुम्ही म्हणता परदेशात असं होत नाही. हे बघ.

मागच्या बाजूला जमीन चढावाची, त्यामुळे तिथली फट छातीच्या उंचीवर येते. मी तिला समजावत होते की ही फट बाहेरून पंजाएवढी असली तरी आत पसरत जाते. आतल्या माणसाला बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरच्याला आतलं काहीच दिसत नाही. तो आपल्याला बघत असला तरी आपल्याला पत्ता लागणार नाही. एवढं बोलून मी नाक वर केलं, कारण फटीतून वास येत होता. लसूण आणि लाल मिरची तेलात पडल्याचा वास.

"मावशी," फटीतून आवाज आला, "तुम्ही नाशिककडच्या का?"

उज्ज्वलाने माझा हात घट्ट धरला. मी फटीला तोंड लावून विचारलं, कोण आहे. तो म्हणाला, योगेश, निफाड तालुक्यातला. गावाचं नावही सांगितलं. आमच्या बोलण्यातलं 'बघ ना गं' ऐकलं आणि त्याला राहवलं नाही. मी विचारलं, आत काय करतोस. तो म्हणाला, राहतो. तोडणीच्या कामाला आलेले सगळे इथंच राहतात, तळाच्या खोलीत. नेपाळचे, पंजाबचे, बांगलादेशचे, महाराष्ट्राचा तो एकटा. वरच्या, दाराच्या मजल्यावर मालकाचं खत आणि अवजारं, तिथून जमिनीतल्या चौकोनी भोकातून शिडीने खाली उतरायचं. परवा बागेत पाय मुरगळला, म्हणून त्याला आज कामावर नेलं नव्हतं.

मी म्हटलं, मग बाहेर ये, पाय तर बघू.

"दार बाहेरून लावलंय ना," तो म्हणाला. "खताची चोरी होती म्हणं. संध्याकाळी पोरं आली का उघडत्यात."

हे त्याने इतक्या सरळ आवाजात सांगितलं की मला क्षणभर वाटलं मीच चुकीचं ऐकलं. आत गॅसची शेगडी पेटलेली होती. वर खताची पोती. एकच वाट, ती छतातल्या भोकातून, आणि तिच्यापुढचं दार बाहेरून बंद. माणूस आत येऊ नये म्हणून शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी डोकं लढवून बांधलेली भिंत, तिचा उपयोग आज माणूस बाहेर पडू नये म्हणून होत होता. मी आयुष्यभर नकाशे काढले आहेत. आग लागली तर इथे काय होईल याचा नकाशा माझ्या डोळ्यांपुढे आपोआप उभा राहिला.

माझ्या पर्समध्ये दुखण्याच्या गोळ्या होत्या. मी हात खांद्यापर्यंत फटीत घातला तरी त्याची बोटं लागेनात. शेवटी गोळ्यांची पट्टी मापाच्या स्टीलच्या टेपच्या टोकाला रबराने बांधली आणि टेप आत सरकवत गेले. ती सरकतच राहिली. मग तिकडून हलकी ओढ बसली आणि तो म्हणाला, मिळाली. त्या भिंतीची जाडी मला अशी कळली. मी ती लिहून घेतली नाही.

बुद्धपौर्णिमेला आम्ही त्रिरश्मी लेण्यांवर जातो, तिथेही दगडाच्या खोल्या आहेत. भिक्खूला झोपायला दगडाचाच ओटा, खोली याहून लहान. पण ती खोली ओसरीला लागून असते आणि ओसरीतून सगळं नाशिक दिसतं. ज्याने ती कोरली त्याने आत राहणाऱ्याचा विचार केला होता. त्या संध्याकाळी टेकाडावरून उतरताना माझ्या मनात तेच घोळत होतं.

जेवायला आव्होने हिरव्या पानांचं बटाट्याचं सूप केलं होतं. मी उज्ज्वलाला म्हटलं, विचार तिला, तुला माहीत होतं का. उज्ज्वला आधी नको म्हणाली, आपण पाहुण्या आहोत. मग तिने विचारलं. आव्हो म्हणाली, गावात सगळ्यांनाच माहीत आहे. तोडणीपुरतेच असतात, पाऊस लागला की जातात, कुणाला त्रास देत नाहीत. मी म्हटलं, ते त्रास देतात का, हे मी विचारलं नव्हतं.

मारियाना आजीच्या बाजूने उभी राहिली. तिने मला शांतपणे विचारलं, तुमच्याकडे द्राक्षाच्या तोडणीला बाहेरून मजूर येतात का? ते कुठे झोपतात?

मी खरं ते सांगितलं. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातली कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात, पोराबाळांसकट, आणि बांधावर प्लास्टिकचा कागद टाकून राहतात. निफाडच्या थंडीत. मी त्या रस्त्याने किल्ल्यांना जाताना ते कागद एसटीतून कितीदा पाहिले आहेत. हे सांगताना माझा राग कमी झाला नाही, त्याला फक्त आणखी एक पत्ता मिळाला. त्यांच्या पालाला कुणी कुलूप घालत नाही, एवढंच मी पुढे म्हणाले, आणि तेही किती तोकडं आहे ते माझं मला ऐकू आलं.

आव्होने ताट बाजूला सारलं आणि बोलू लागली. उज्ज्वला हळू आवाजात मला सांगत गेली. आव्होचा नवरा तरुणपणी फ्रान्सला बांधकामावर गेला होता, इथले अर्धे पुरुष तेव्हा गेले. पॅरिसच्या कडेला चिखलात पत्र्याच्या झोपड्यांत ही माणसं राहत. आव्हो एकदा त्याला भेटायला गेली तेव्हा तिने ते पाहिलं. दाराशी इतका चिखल की तिचा बूट रुतून राहिला. तिथल्या बायका बाजूने जाताना नाकाला रुमाल लावत. "त्या बायकांचा मला किती राग आला होता," आव्हो म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली.

रविवार

रविवारी तोडणी नव्हती. चर्चसमोरच्या चौकात योगेश लंगडत आला, बरोबर एक नेपाळी सोबती. पंचविशीचा, सडपातळ, हाताला द्राक्षांच्या रसाचे डाग. माझ्या पाया पडायला वाकला तर मी त्यालाच बाकावर बसवलं. त्याला मी बराच वेळ न्याहाळत होते, कारण आदल्या दिवशी तो मला दिसलाच नव्हता.

तो छाटणीत हुशार होता, हे त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. छाटताना इथले लोक फुटव्याचा डोळा कुठे ठेवतात आणि आपण कुठे ठेवतो, ते मला बोटाने हवेत दाखवत होता. काही वर्षं काढली की इथे कायमचं राहायचे कागद होतील आणि मग आपली स्वतःची खोली घेऊ, असा त्याचा हिशेब. मी कुलपाचं बोलायला लागले की तो इकडेतिकडे बघायचा. मग एकदम म्हणाला, "मावशी, आमच्या बागंत सुरगाण्याची मान्सं यायची. पाल ठोकून राह्यची. मी रोज त्यांना पानी सोडायला जायचो, पन आत वाकून कधी बघितलं नाय. आता रोज आठवतं."

तेवढ्यात चर्च सुटलं आणि मालक आला. इस्त्रीचा शर्ट, चांगला जाडजूड, हसतमुख माणूस. मारियानाने ओळख करून दिली, भारतातून आल्या आहेत, मनोऱ्यांचा अभ्यास करतात. त्याला आनंद झाला. त्याने मला माहिती द्यायला सुरुवात केली: भिंत किती भक्कम, उन्हाळ्यात किती गार, थंडीत किती उबदार. मजुरांना मी पत्र्याच्या डब्यात ठेवत नाही, किल्ल्यात ठेवतो, असं म्हणून तो हसला. सरदार जिथे झोपले तिथे हे झोपतात.

उज्ज्वलाने भाषांतर केलं आणि मला म्हणाली, आई, सोड. मी सोडलं नाही. मी म्हटलं, शब्द न बदलता सांग त्याला.

"सरदार तळमजल्यावर कधी झोपला नाही. तो वर झोपायचा, खिडकी होती तिथे. तळाला धान्य ठेवत, खारवलेलं मांस ठेवत. माणूस ठेवला तर तो कैदी."

चौकातली चारदोन माणसं थांबली. मालकाचं हसू गेलं नाही, पण ते फक्त तोंडापुरतं उरलं. तो मारियानाला काहीतरी म्हणाला आणि निघाला. जाताना त्याने योगेशकडे एकदा पाहिलं. योगेशने मान खाली घातली. घरी गेल्यावर आव्होने सांगितलं की सरदाराच्या वंशाशी या माणसाचा काही संबंध नाही. त्याचा आजा ब्राझीलला हमाली करायला गेला होता, तिथून परत येऊन त्याने पडीक मनोरा विकत घेतला.

मला त्या रात्री भीती वाटली ती योगेशसाठी. मी तावातावाने बोलले आणि विमानात बसून जाणार. तो इथेच राहणार होता. सकाळी उठून मी पहिलं काम केलं ते त्याला चौकात घेतलेल्या नंबरावर फोन लावून विचारायचं, की आम्ही पुढे काही केलं तर चालेल का. तो सोबत्यांशी बोलला. दुपारी त्याचा निरोप आला: आमची नावं घेऊ नका, बाकी करा.

सोमवार आणि मंगळवार

निरोप आल्यावर सोमवारीच मारियानाने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून फोन करायला सुरुवात केली. तिच्यात बदल झाला होता. आजीशी तिचं काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. मजुरांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने नम्रपणे ऐकून घेतलं. तपासणी होईल, पण आधीच्या तक्रारी पुष्कळ आहेत, पथक कधी येईल सांगता येत नाही. तोडणी केव्हा संपते, असं पलीकडच्या बाईने विचारलं. मारियानाने सांगितलं. तर मग त्यानंतर बहुधा, असं उत्तर आलं. म्हणजे खोली रिकामी झाल्यावर ते खोली बघायला येणार.

दुसऱ्या एका कार्यालयाने तिसऱ्याकडे पाठवलं. तिसऱ्याने विचारलं की तिथे राहणाऱ्यांपैकी कुणी स्वतः येऊन सही करणार का. मी चहा करून देत होते. आपल्याकडची सरकारी कार्यालयं मी चांगली ओळखते. फोनवरचा तो आवाज मला परका वाटला नाही.

मग मारियानाने माझी चित्रं मागितली. शनिवारी मी काढलेली दोन बाजूंची रेखाटनं आणि जिन्याचे, बोल्टचे, सिमेंटने भरलेल्या फटींचे फोटो. हा मनोरा संरक्षित आहे, ती म्हणाली, त्याच्या दगडाला परवानगीशिवाय खिळासुद्धा मारता येत नाही. तिने ते सगळं स्मारकांचं काम बघणाऱ्या कार्यालयाला पाठवलं. माणसांबद्दल एक ओळ शेवटी घातली.

मंगळवारी सकाळी त्या कार्यालयाची माणसं हजर झाली.

एक बाई आणि एक पुरुष, गाडीवर शिडी, गळ्यात कॅमेरे. बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी जिन्याजवळ जाऊन बोल्टवरून बोट फिरवलं, मग त्या कोयत्याच्या खुणेवर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हा गवंडी आम्हाला आणखी दोन ठिकाणी सापडलाय, त्या उज्ज्वलाला म्हणाल्या, माणसाचं नाव कुठे नाही, एवढी खूणच उरली होती. त्यांचं दुःख खरं होतं. शनिवारी तो बोल्ट पाहून मलाही तसंच झालं होतं. आणि तरीही त्या क्षणी मला त्यांचा खांदा धरून हलवावंसं वाटलं. जो गवंडी मेला त्याच्या खुणेसाठी एका दिवसात गाडी येते. जो जिवंत माणूस आत कोंडलेला आहे त्याच्यासाठी तोडणी संपेपर्यंत थांबायचं.

मी हलवलं नाही. मी त्यांना म्हटलं, आत चला. दार उघडायला मालकाला बोलवावं लागलं. बाई पुढे, मी मागे. खतांच्या पोत्यांमधून वाट काढून त्या भोकाशी वाकल्या, टॉर्च मारला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या. खाली लोखंडी पलंग एकावर एक, दोरीवर ओले कपडे, भिंतीला काळी झालेली शेगडीची जागा. एका पलंगावर योगेश बसला होता, सुजलेला पाय पुढे करून. उजेड डोळ्यांत गेला म्हणून त्याने हात आडवा धरला.

बाई बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतः अग्निशमन दलाला फोन लावला. दुपारनंतर दलाची माणसं आली, आणि संध्याकाळी मनोऱ्याच्या दाराला सरकारी सील लागलं. सगळं कसं नियमाप्रमाणे झालं. फक्त बागेतून परत आलेली माणसं पिशव्या आणि गाद्या घेऊन रस्त्यावर उभी होती आणि त्यांनी आता कुठे जायचं हे कुणाच्याच नियमात नव्हतं. मालक म्हणाला, मला विचारू नका, तुम्हीच बाहेर काढलंत.

एक पंजाबी माणूस माझ्याकडे येऊन हिंदीत म्हणाला, छप्पर तर होतं. त्याच्या बोलण्यात राग होता आणि तो बरोबर होता.

तेव्हा आव्हो आली. काळ्या स्वेटरवर तिने चर्चला जायचा कोट चढवला होता. गावातली प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून कित्येक वर्षं बंद पडली आहे. तिने ग्रामसभेच्या प्रमुखाला त्याच्या घरातून बोलावून आणलं होतं. रस्त्यातच दोघांचं भांडण सुरू झालं. तो म्हणाला, शाळा उघडायला ठराव लागेल. ती म्हणाली, ठराव कर, तोवर हे आत बसतील. तो म्हणाला, जबाबदारी कुणाची. ती म्हणाली, माझी. मग तिने आवाज चढवला आणि फ्रान्सचं नाव घेतलं, एकेका घराचं नाव घेतलं. उज्ज्वलाने ते सगळं मला सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. दारांत उभी असलेली माणसं एकेक करून आत जात होती आणि काही घोंगड्या, काही उशा घेऊन बाहेर येत होती. सगळीच नाही. काहींनी दारं लावून घेतली.

शाळेच्या दोन खोल्या, फळा, लहान मुलांच्या उंचीचे नळ. योगेशने पहिल्या रात्री उज्ज्वलाच्या फोनवर निरोप पाठवला: पाय ठेवायला जागा हाय.

नंतर

पुढे कसं झालं तेही सांगते. मालकाला दंड झाला. जिना बसवल्याबद्दल, फटी बुजवल्याबद्दल. संरक्षित वास्तूचं नुकसान, असा ठपका. माणसं कोंडल्याचं प्रकरण अजून तपासणीत आहे. बोल्ट काढून भोकं त्याच जातीच्या दगडाच्या भुकटीने भरली, मारियानाने फोटो पाठवला, काम सुरेख झालं आहे. मनोऱ्यासमोर माहितीचा नवा फलक लागला. त्यात सरदाराचं घराणं आहे, जोडखिडकी आहे, गवंड्यांच्या खुणा आहेत. तळाच्या खोलीत धान्य साठवत असत, असं लिहिलं आहे. त्यापुढे काही नाही. मी त्या कार्यालयाला कळवलं की या खोलीत अगदी आत्ता माणसं राहत होती, हाही या वास्तूचा इतिहास आहे, तो लिहा. उत्तर आलं की फलक मध्ययुगापुरता मर्यादित आहे. मी पुन्हा कळवलं. त्याचं उत्तर अजून नाही. मी पुन्हा कळवणार आहे.

मालकाने त्या सगळ्यांना कामावरून काढलं. चौघे दक्षिणेकडे गेले, तो पंजाबी कुठे गेला कळलं नाही. योगेशला शेजारच्या गावात एका बागाईतदाराने छाटणीसाठी ठेवून घेतलं, राहायला खोली दिली.

जानेवारीत मी त्याच्या घरी गेले. निफाडला उतरून रिक्षा केली. त्याची आई, मंदाबाई, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. पोराला तिकडे पाहून आलेलं माणूस म्हणून त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि आतून मोबाइल आणला. त्यावर योगेशचा फोटो होता, पाठीमागे मनोरा, तोडणीच्या सुरुवातीला काढलेला. पोरगं किल्ल्यात राहतं हे त्यांनी सगळ्या गावाला दाखवलं होतं. मी फोटो बघून परत दिला.

त्या तो फोटो बोटांनी मोठा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी लय दिवस बघती. ह्या घराला खालून दारखिडकी कुठंच दिसत नाय. हा मंग हवेला कुठं बसतो?"

योगेशने सांगितलं नव्हतं, आणि मी सांगावं की नाही याचा मी बसमध्ये येताना विचार केला होता. पण इतके दिवस ज्या एका माणसाने तो मनोरा नीट पाहिला होता, तिच्याशी खोटं बोलणं मला जमेना. मी सगळं सांगितलं. कुलूप, शेगडी, छतातलं भोक, शाळा. त्या रडल्या नाहीत. मांडीवरच्या शेंगा तशाच राहिल्या.

मग त्यांनी त्याला व्हिडिओ कॉल लावला. रविवार होता, तिकडे सकाळ होती, तो अंथरुणातच होता. काय गं आई, म्हणाला. त्यांनी त्याला काहीही विचारलं नाही. नुसतं म्हणाल्या, खोली दाखव. त्याने फोन फिरवला. पलंग, टेबल, खुंटीला जॅकेट, आणि खिडकी, काच बंद.

"उघड," त्या म्हणाल्या.

त्याने उघडली. बाहेर ओला रस्ता होता, एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, लांबवर कुणाचं तरी ट्रॅक्टर सुरू होत होतं. थंडी आत येतीये आई, तो म्हणाला.

"येऊ दे," त्या म्हणाल्या, आणि फोन डोळ्यांजवळ धरून तो रस्ता बघत राहिल्या.